मदत हवी आहे: लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड टास्क मॅनेजरमध्ये दिसेनासे झाले आहे

नमस्कार. माझ्या ३ वर्षे जुन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असे दोन्ही आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पूर्वी जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) ० आणि जीपीयू १ अशा दोन नोंदी दिसत असत. आता केवळ जीपीयू ० उरली आहे, हे गेल्या पंधरवड्यात लक्षात आले. एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनाही दुसरे कार्ड सापडत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधील ज्या दृश्याच्या रेंडरिंगला (अंतिम चित्र तयार करण्याला) ४ मिनिटे पुरत, त्याला आता अर्धा तास लागतो.

काम नसताना असे कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपी जाते हे मला ठाऊक आहे, परंतु तेव्हाही ते शून्य टक्के वापर दाखवत यादीत असायचे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे पाहिल्यावर कार्डाचे नाव फिकट रंगात दिसते आणि त्यापुढे कोड ४५ येतो, म्हणजे विंडोजच्या मते ते जोडलेलेच नाही. कोड ४३ असता, तर कार्ड सापडले पण त्याने बिघाड कळवला, असा तरी अर्थ लावता आला असता. नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बसवायला गेल्यास सुसंगत हार्डवेअर नसल्याचे सांगून इन्स्टॉलर थांबतो. विंडोजला बाजूला ठेवून पाहावे म्हणून पेनड्राइव्हवरून उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम चालवली, तर जोडलेले हार्डवेअर दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या कमांडच्या यादीतही कार्ड नाही. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ग्राफिक्सविषयी एकही पर्याय नाही. मध्यंतरी मेमरी खाणारी काही मूळची सॉफ्टवेअर मी काढून टाकली होती, पण त्यांचा येथे संबंध नसावा.

कार्ड मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असल्यामुळे दुरुस्तीच्या दुकानात संपूर्ण मदरबोर्ड बदलण्यास सांगितले आहे. वॉरंटी संपली आहे. तेवढा खर्च करण्यापूर्वी कार्ड खरोखर गेले आहे की नाही, हे कसे ठरवावे?

प्रतिसाद:
तुम्ही ज्याला संबंध नसावा म्हणता, माझा संशय नेमका त्याच वाक्यावर आहे. काढलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉप कंपनीचे नियंत्रण सॉफ्टवेअर होते का? त्यातील बचत मोड काही लॅपटॉपांत कार्डाला नुसते झोपवत नाही, तर फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, पातळीवर त्याची वीजच तोडतो. ही निवड फर्मवेअरमध्ये टिकून राहते, त्यामुळे सॉफ्टवेअर काढले तरी कार्ड बंदच राहते आणि उबुंटूलाही दिसत नाही. म्हणूनच उबुंटूच्या चाचणीवरून ड्रायव्हर निर्दोष ठरतो, कार्ड मेले असे मात्र ठरत नाही. तुमच्या मॉडेलच्या पानावरून तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवा, चार्जर जोडा, ग्राफिक्सचा मोड नेहमीचा करा आणि रीस्टार्ट करा. एवढ्याने कार्ड आले नाही, तर मग दुकानदाराचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे.

धागाकर्ता:
मनःपूर्वक आभार. महिन्यापूर्वी रेल्वे प्रवासात बॅटरी पुरावी म्हणून मी बचत मोड लावला होता, आणि तो न बदलताच पुढे ते सॉफ्टवेअर काढून टाकले, हे तुमचा प्रतिसाद वाचताना आठवले. मोड बदलून रीस्टार्ट केल्यावर जीपीयू १ परत आले आणि तेच दृश्य पुन्हा ४ मिनिटांत रेंडर झाले. चार्जर काढूनही पाहिले. कार्ड यादीत टिकून आहे. मदरबोर्ड मागवू नका, असे दुकानात आताच फोन करून कळवले.