पाळी जायच्या वयात चेहऱ्याला नक्की किती लावायचं?

फोंडेकरीण
पाळी मागेपुढे व्हायला लागते, रात्री घामाने जाग येते, त्याच सुमारास चेहराही बदलतो. इतकी वर्षं चाललेला फेसवॉश झोंबायला लागतो. गाल कोरडे पडतात आणि त्याच वेळी हनुवटीवर पुळ्या येतात. आमच्या भिशीत बहुतेकींचा उपाय ठरलेला: आणखी एक बाटली. टोनर, व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, ग्लायकॉलिक, रेटिनॉल आणि वर नाइट क्रीम.

माझं ठाम मत आहे की या वयात हे सगळं कमी करायला हवं. सौम्य क्लिन्झर, सेरामाइड (त्वचेत मुळात असतो तसला स्निग्ध घटक) किंवा ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. बास. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरतं तशी त्वचेची ओलावा धरून ठेवायची ताकद कमी होते, वरचा थर दुबळा होतो. त्यावर रोज ग्लायकॉलिकसारखी आम्लं चोपडली की आग होणारच. ती आग म्हणजे क्रीम काम करतंय, असं कित्येकींना दुकानात सांगितलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

शिवाय आपली गोव्याची हवा बघा. जूनपासून इतका दमटपणा असतो की पाच थर जिरतच नाहीत. एक हॉट फ्लश (अंगातून एकदम येणारी गरम वाफ) आला की सगळं डोळ्यांत उतरतं. व्हिटॅमिन सीची बाटली मे महिन्यात उघडून खिडकीशी ठेवली तर गणपतीच्या चवथीपर्यंत चहाच्या रंगाची होते. ती कितीही महाग असली तरी फेकायचीच, कारण त्यातलं औषध तोवर संपलेलं असतं.

मांडवीपलीकडची
ताई, मला हे अजिबात पटत नाही. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं. ते मॉइश्चरायझरने भरून येत नाही. बारीक सुरकुत्यांवर आणि डागांवर सर्वांत जास्त पुरावा रेटिनॉइडचा (रेटिनॉल ज्यात येतं त्या अ जीवनसत्त्वाच्या गटाचा) आहे, आणि नेमकं तेच तुमच्या तीन वस्तूंत नाही.

दुसरं, हे साधेपणाचं बोलणं कुठे जातं तेही बघा. घरात पन्नाशीच्या बाईला ‘आता काय करायचंय चेहऱ्याचं’ असं सहज ऐकवतात. मुलीच्या लग्नाला साडी घ्या, पण स्वतःसाठी क्रीम घेतलं की उधळपट्टी. थोडं वापरा म्हणताना त्या बोलण्याला बळ मिळू नये, एवढंच माझं म्हणणं.

फोंडेकरीण
दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. बाईने स्वतःवर खर्च करावा, तो झोंबणाऱ्या सहा बाटल्यांवर होऊ नये.

रेटिनॉइड हवं तर चौथी वस्तू म्हणून घ्या, पण बाकी आम्लं बंद करून. रात्री, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, मॉइश्चरायझरवर. त्वचेने सोसलं तर हळूहळू वाढवा. एक गोष्ट मात्र फार कमी जणी सांगतात: पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात रेटिनॉइड चालत नाही.

डिचोलीची सून
एवढं कशाला? आमच्याकडे भेगांना भिरंडेल (कोकमाचं तेल), अंगाला खोबरेल आणि चेहऱ्याला बेसन-लिंबू. सासूबाईंची त्वचा सत्तरीतही छान आहे. सनस्क्रीन तर मला नकोच, मी दिवसभर घरातच असते.

वांगवाली
बाय, भिरंडेल टाचांना उत्तमच, त्याला तोड नाही. पण पावसाळ्यात घामेजल्या चेहऱ्यावर खोबरेल चोळलं तर अनेकींना पुळ्या येतात. आणि लिंबू सोडाच, आधीच कोरड्या गालांची त्याने आग होते.

घरातल्या उन्हाचं म्हणशील तर उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, ढगांतूनही. आपल्या सावळ्या त्वचेवर नुसत्या उजेडानेही वांग गडद होतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन बघ. वांगासाठी फार्मसीतून चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र क्रीमं मात्र हातात घेऊ नकोस. त्यात स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, आणि क्रीम सोडलं की सगळं दुपटीने उसळतं.

म्हापशेकर
बाटल्यांवर भांडण्याआधी एक सांगते. अंगभर खाज, केस गळणं, खूप थकवा असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सगळंच पाळीच्या माथी मारू नका. गाल सतत लाल राहून जळत असतील तर तो रोझेशिया असू शकतो, त्यावर वेगळी औषधं असतात. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहे.

मांडवीपलीकडची
हे खरं बोललात. रेटिनॉइडवर मी ठामच आहे, आणि शक्यतो ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावं. बाकी फोंडेताईंच्या तीन वस्तूंना माझा विरोध नाही, पण सनस्क्रीन किती लावायचं ते कोणीच सांगितलं नाही.

फोंडेकरीण
चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीभर पट्ट्या काढून, एसपीएफ ३० किंवा त्यावर. घाम पुसला की पुन्हा. रोज सकाळी एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांत संपायला हवी. चवथीला आणलेली दिवाळीतही अर्धी उरली असेल, तर तुम्ही कमी लावताय.