रोजचं लेखन आणि घरकाम: यादी एक की दोन?

प्रश्न: रोज ५०० शब्दांचं लक्ष्य आहे. घरकामाच्याच यादीत ते लिहिलं की कपडे, भांडी, बिलं सगळ्यांवर फुल्या पडतात, लेखन तेवढं उद्यावर जातं. काय बदलावं?

प्रतिसाद १: याद्या वेगळ्या करा. भांडी कधी संपली ते दिसतं, लेखनाचं तसं नसतं. म्हणून हात आधी भांड्यांकडेच वळतो. ‘कादंबरी लिहिणे’ असं मोघम नको. ‘प्रकरण ३, स्टेशनवरचं भांडण, कच्चा मसुदा’ इतकं नेमकं हवं. आणि ५०० हा चांगल्या दिवसाचा आकडा. किमान १०० धरा. राहिलेले शब्द दुसऱ्या दिवशीच्या लक्ष्यात वाढवू नका. थकबाकी साचली की वही उघडायचीच भीती वाटते.

प्रतिसाद २: वॉशिंग मशीन लावलं की ते थांबेपर्यंत फक्त लिहायचं. बीप वाजली की वाक्य अर्धवट सोडून उठा, खाली पुढचे दोन-तीन शब्द खरडून ठेवा. परत बसल्यावर सुरुवात शोधत बसावं लागत नाही. गॅसवर काही ठेवून मात्र लिहायला बसू नका!

प्रतिसाद ३: बिलं यादीत नकोतच. कॅलेंडरमध्ये टाका, मुदतीच्या तीन दिवस आधीच्या गजरासह. चादरी, फ्रिज वगैरे वारांना बांधून टाका.

प्रश्नकर्ती: मशीन रात्री लावते, तेव्हा डोकं चालत नाही.

प्रतिसाद २: मग रात्री टायपिंग आणि शुद्धलेखन. नवा मजकूर सकाळी, फोन हातात घेण्याआधी.