मदत हवी आहे: कडुनिंब अर्काच्या मायक्रोकॅप्सूल सुती कापडावर टिकत नाहीत

नमस्कार मंडळी, मी टेक्सटाइलमध्ये एमएस्सी करतेय, प्रोजेक्टचा विषय औषधी वनस्पतींचा अर्क मायक्रोकॅप्सूलमध्ये (कवच असलेल्या अतिबारीक गोळ्यांमध्ये) भरून सुती कापडावर बसवणं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या चादरींसाठी हे कापड वापरता यावं असं मनापासून वाटतं, कारण त्यांची त्वचा दिवसरात्र कापडाला घासते आणि घामाने ओली राहिली की जंतू वाढतात. नुसतं अर्कात बुडवून वाळवलेलं कापड धुतलं की अर्क पाण्यासोबत निघून जातो, म्हणून कॅप्सूल.

पद्धत कॉम्प्लेक्स कोअ‍ॅसर्व्हेशनची, म्हणजे विरुद्ध विद्युतभाराचे दोन पदार्थ एकत्र येऊन थेंबाभोवती कवच करतात ती. जिलेटिन आणि गम अरेबिक ५० डिग्रीला विरघळवते, त्यात कडुनिंबाच्या पानांचा पाणी-इथेनॉल अर्क घालून ढवळत राहते, मग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने पीएच ४ च्या आसपास आणते, बर्फात गार करते आणि ग्लुटाराल्डिहाइडने कवच पक्कं करते. नंतर कॅप्सूल कापडाला बांधायला सायट्रिक अ‍ॅसिड आणि सोडियम हायपोफॉस्फाइटसोबत कापडावर पॅडिंग (द्रावणात बुडवून रोलरमधून पिळणं) आणि १५० डिग्रीला क्युअरिंग (तापवून पक्कं करणं).

अडचण अशी की अर्क घातल्या घातल्या मिश्रणात गुठळ्या होतात, ज्या कॅप्सूल बनतात त्यांच्यात अर्क जवळजवळ नसतोच, सगळा बाहेरच्या पाण्यात दिसतो, आणि क्युअरिंगनंतर मायक्रोस्कोपखाली बऱ्याच फुटलेल्या दिसतात. तरीपण जंतूंची टेस्ट छान येते, याचंच जास्त कोडं पडलंय. शिवाय त्वचेला लागणाऱ्या कापडावर ग्लुटाराल्डिहाइडसारखं झोंबणारं रसायन वापरायला मन धजत नाही, त्याला पर्याय काय? कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

उत्तर:

तुमच्या अर्कातच गोम आहे. कोअ‍ॅसर्व्हेशनमध्ये कवच तेलाच्या थेंबाभोवती बसतं, तुमचा अर्क पाण्यात विरघळणारा आहे मग तो आत थांबेल कशाला? आणि पानांच्या अर्कात टॅनिन असतं, ते जिलेटिनला धरतं आणि साका खाली बसवतं, चामडं कमावताना टॅनिन हेच करतं, त्या गुठळ्या बहुतेक त्याच. कडुनिंबाचं तेल वापरा, किंवा हळदीतलं करक्युमिन तेलात विरघळवून घ्या. करक्युमिनचा फायदा म्हणजे ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, त्यामुळे धुतल्यावर कापडावर किती उरलं ते साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येतं. जिलेटिन टाइप ए (आम्लाची प्रक्रिया करून काढलेलं) घ्या.

आता त्या छान टेस्टबद्दल, हे नीट बघा. सायट्रिक अ‍ॅसिड आणि उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड दोन्ही स्वतःच जंतू मारतात. आत फक्त पॅराफिन तेल असलेल्या कॅप्सूल बनवा, त्याच कापडावर त्याच पद्धतीने बसवा आणि तेही कापड टेस्टला ठेवा. त्यावरही जंतू मेले तर ते कडुनिंबाचं काम नाही, आणि हे गाइडने विचारायच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

ग्लुटाराल्डिहाइडऐवजी टॅनिक अ‍ॅसिड (हेही टॅनिनच, पण कवच बनल्यानंतर घातलं की ते पक्कं करतं) किंवा ट्रान्सग्लुटामिनेज एन्झाइम बघा. जेनिपिन हे वनस्पतीतून मिळणारं रसायनही चालतं पण महाग आहे आणि जिलेटिनला निळं करतं, पांढऱ्या चादरीवर ते दिसणारच.

फुटण्याचं कारण १५० डिग्री आणि रोलरचा दाब दोन्ही असू शकतात. पॅडिंगनंतर लगेच एक तुकडा मायक्रोस्कोपखाली बघा, तिथेच फुटल्या असतील तर दाब कमी करा, नसतील तर कमी तापमानाला पक्का होणारा बाइंडर (कॅप्सूल कापडाला चिकटवणारा पदार्थ) वापरा, मात्र बेताने, जास्त झाला की कापड कडक होतं आणि कॅप्सूलमधून औषध बाहेर येईनासं होतं.

धागाकर्ती:

खूप आभार! टॅनिन-जिलेटिनचा संबंध लक्षातच आला नव्हता. पॅराफिनच्या कॅप्सूल आधी करते, बाकी सगळं त्यानंतर. एकच विचारायचंय, कॅप्सूलचा साइज किती ठेवू? सध्या ५० मायक्रॉनच्या पुढे जातात.

उत्तर:

कापसाचा तंतूच साधारण १२ ते २० मायक्रॉन रुंद असतो, त्यावर एवढी मोठी कॅप्सूल बाहेर डोकावत राहते आणि घासली की निघते. तेल घालताना होमोजिनायझरचा वेग वाढवा, थेंब बारीक झाले की कॅप्सूलही बारीक होतात. १० मायक्रॉनपर्यंत आल्या तर धाग्यांच्या फटीत बसतील.