मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी नेमकं काय करावं?

अर्धा_डॉक्टर

नमस्कार मंडळी. मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही वर्गातले काही जण मिळून एक काम सुरू करू पाहतोय आणि सुरू होण्याआधीच अडलोय. इथे आरोग्य खात्यातली आणि मराठवाड्यातली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

२०२१-२२ च्या बॅचपासून एमबीबीएसला 'फॅमिली अडॉप्शन' आलंय. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाने एका गावातली काही कुटुंबं घ्यायची, अधूनमधून जायचं, बीपी-वजन-आजार यांची नोंद ठेवायची आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत पोचवायचं. (माझ्या वाट्याच्या घरातल्या आजी मात्र दर खेपेला मलाच जेवायला घालून पाठवतात.) ही कुटुंबं आशाताईंच्या रजिस्टरवरून वाटली गेली, म्हणजे सगळी गावात राहणारी. त्याच गावाबाहेर ओढ्याच्या कडेला दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. मार्चअखेरपर्यंत ती माणसं तिथेच असतात. त्यांतलं एकही कुटुंब कोणाच्या वाट्याला आलेलं नाही. पीएसएमच्या (सामुदायिक आरोग्य विषयाच्या) सरांना विचारलं तर म्हणाले, "अभ्यासक्रमात बसत नाही, पण स्वतःहून करणार असाल तर मी सोबत येतो."

आमचा बेत असा: एका रविवारी सकाळी १० वाजता जाऊन बीपी, शुगर आणि हिमोग्लोबिन तपासायचं, लहान मुलांची वजनं घ्यायची. दोन बीपी मशिन, एक ग्लुकोमीटर आणि फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलचं साहलीचं किट (रंग जुळवून हिमोग्लोबिन मोजायचं) एवढं जमतंय. एका मैत्रिणीच्या वडिलांचं औषधाचं दुकान आहे, ते लोहाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या द्यायला तयार आहेत.

माझी खरी अडचण पुढची आहे. समजा एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ७ निघालं, तर तिला सांगायचं काय? "सरकारी दवाखान्यात जा" एवढंच सांगून परतायचं असेल तर गेलो काय न गेलो काय. शिवाय तीन-चार महिन्यांत ती माणसं गावी जाणार. असं काम कोणी केलंय का? कुठून सुरुवात करावी?

केजचा_गडी

रविवारी सकाळी १० ला गेलात तर कोपीवर म्हातारी, रांगती लेकरं आणि कुत्रं भेटंल. बाया पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात आणि दिवस उगवायच्या आत सगळे फडात असतात. परत यायचं गाडी भरण्यावर. माझे आई-वडील पंधरा-वीस हंगाम कोयत्यावर (ऊसतोडीला) होते, मी साखरशाळेत (ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या हंगामी शाळेत) शिकलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

भेटायचं असेल तर बाजारच्या दिवशी जा. त्या दिवशी मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार) खर्ची (खर्चाचे पैसे) देतो, माणसं जरा लवकर सुटतात. कारखाना क्लिनिंगला बंद असला तर पूर्ण दिवस मिळतो. गडी माणसं पाहिजेत तर कारखान्याच्या गाडीतळावर जा, नंबर लागेपर्यंत तासन् तास बसलेले असतात. बायांसाठी मात्र कोपीवरच जावं लागंल, रात्री आठच्या पुढं, आणि तुमच्यातल्या पोरींनीच बोलावं.

अजून एक. दवाखान्यात जा म्हणणं सोपं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता (मजुरीची जोडी) असतो. एक जण बसला तरी खाडा (गैरहजेरीचा दंड) पडतो आणि तो उचलीतून (आगाऊ घेतलेल्या पैशांतून) वळता होतो. त्यामुळं बाई ताप अंगावर काढंल, पण दुपारच्या ओपीडीला येणार नाही. तिला कळत नाही म्हणून नव्हे, तिचा हिशोब बरोबर असतो.

ओपीडी_साडेआठ

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. उत्साह चांगला आहे, पण काही गोष्टी आधीच स्पष्ट सांगतो.

गोळ्या वाटू नका. तुमच्याकडे नोंदणी नाही, आणि सर सोबत असले तरी मुलांनी पिशवीतून गोळ्या देणं बरोबर नाही. दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नकोत. ही माणसं त्या आधीच किराणा दुकानातून घेऊन उपाशीपोटी खातात, त्यात तुमची भर कशाला? लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, त्या तिथूनच मिळवून द्या.

साहली घरी ठेवा. कोपीत दिव्याच्या उजेडात रंग जुळवून काढलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. उपकेंद्राकडे डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर असतो. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) ताईंना सोबत घेतलंत तर मीटर, पट्ट्या आणि गोळ्या तिन्ही गोष्टी त्यांच्याबरोबर येतात, आणि सापडलेली बाई त्यांच्या नोंदीत जाते. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र. गरोदर असेल तर हेच आकडे ११ आणि ७. तीव्र असेल तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका, डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे. गोळी चहाबरोबर घेऊ नका हे मात्र प्रत्येकीला सांगा, कारण कोपीवर दिवसभर चहाच चालतो.

साखर सरसकट सगळ्यांची बघत बसू नका. तिशीपुढच्यांची बघा, सरकारी तपासणीचा निकषही तोच आहे. बीपी एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणून कोणाला 'तुम्हाला बीपी आहे' असं सांगू नका. माणूस दिवसभर मोळ्या वाहून आलेला असतो. जरा बसू द्या, पुन्हा मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. १८०/११० च्या पुढे असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सुया-लॅन्सेटसाठी न टोचणारा पांढरा डबा आणि रक्ताच्या कापसासाठी पिवळी पिशवी न्या, दोन्ही आमच्याकडे परत आणून द्या. ओढ्याकाठी काही टाकलेलं दिसलं तर पुढच्या वेळी मीच परवानगी देणार नाही.

बॅनरग्रस्त

आणि कृपा करून 'भव्य मोफत आरोग्य शिबिर'चा फ्लेक्स लावू नका. आमच्या भागात दरवर्षी एक शिबिर होतं, त्यात डॉक्टरांपेक्षा सत्कारमूर्ती जास्त असतात.

सखी_मावशी

मी एका संस्थेत ऊसतोड महिलांसोबत काम केलंय. मुलींनो, पहिल्याच भेटीत पिशवीच्या ऑपरेशनबद्दल विचारू नका. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. त्यानंतर फॉर्म घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. बायका त्याला विटल्यात. चारचौघांत, सासूसमोर, मुकादमासमोर तर हा विषय नकोच. त्या आपणहून बोलतात ते लघवीच्या जळजळीबद्दल. फडात आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. तिथून सुरुवात करा.

लसीकरणाचं काम तुम्हाला सगळ्यात चांगलं जमेल. मुलांची कार्डं गावी राहिलेली असतात, म्हणून डोस चुकतात. पण लस कुठल्याही उपकेंद्रात घेता येते, त्यासाठी नोंदीतलं गाव बदलून घ्यायची गरज नसते, हे कितीतरी आयांना कोणी सांगितलेलंच नसतं. कोपीवरची किती मुलं पाच वर्षांच्या आतली आहेत, कोणाचं काय राहिलंय, याची यादी करून एएनएमना द्या. गरोदर बायकांची वेगळी यादी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर नक्की भेटतात.

आणि सर म्हणाले "यावर पेपर लिहू", तर आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे जा. मदत म्हणून रक्त घ्यायचं आणि नंतर त्याचाच डेटा वापरायचा, असं करू नका.

अर्धा_डॉक्टर

सगळ्यांचे आभार. पेपरचा विषय निघाला होताच, त्यामुळे मावशींचा सल्ला सरांना दाखवतो. गोळ्या आणि साहली रद्द. रविवारही रद्द. आता आधी उपकेंद्रात जाऊन सीएचओंना भेटतो आणि पहिल्या फेरीत फक्त दोन याद्या करतो, मुलांची आणि गरोदर बायकांची. सुई कोणालाच टोचायची नाही.

दोन शंका राहिल्या. मुकादमाला आधी सांगायचं की थेट कोप्यांवर जायचं? आणि मार्चमध्ये ही माणसं गावी गेली की ज्यांचे उपचार सुरू झालेत त्यांचं काय?

केजचा_गडी

मुकादमाला टाळून काहीच होणार नाही. पण त्याच्याकडं परवानगी मागायला जाऊ नका, त्याचंच बीपी मोजायला जा. बहुतेक मुकादम त्याच गावचा, भावकीतला असतो, त्याचीही लेकरं कोपीवर असतात. बाजारच्या दिवशी तपासणी ठेवली तर खाडा पडत नाही, हे त्याला पटवून द्या. साप चावला तर कुठं न्यायचं हे त्याच्याशी पक्कं करून ठेवा. पाचटात हात घालणाऱ्यांना त्याचीच जास्त धास्ती असते. १०८ ला फोन करायचा आणि सापाच्या विषावरची लस कुठल्या दवाखान्यात आहे ते माहीत पाहिजे, एवढं तुम्ही कराल तर तो तुम्हाला स्वतः बोलावंल.

ओपीडी_साडेआठ

दुसऱ्या शंकेचं उत्तर. प्रत्येकाला मराठीत एक कागद द्या: तारीख, बीपी, हिमोग्लोबिन, सुरू असलेली गोळी. आजाराचं नाव इंग्रजी अक्षरांत, संक्षेपात लिहू नका. पहिल्याच दिवशी गावाकडच्या आशाताईंचा फोन नंबर मागून घ्या, कोपीतल्या कोणा ना कोणाकडे असतोच. परतायच्या आठवड्यात त्या नंबरवर सगळी नावं कळवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला कोणी सापडला तर मार्चची वाट बघू नका, थुंकी तपासायला लगेच माझ्यासारख्याकडे पाठवा. टीबी निघाला तर उपचाराची नोंद निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) होते, गावी गेल्यावर तिकडच्या केंद्रात बदलून मिळते.

तुमचा तालुका कोणता ते व्यक्तिगत निरोपात कळवा. तिथले वैद्यकीय अधिकारी ओळखीचे असतील तर फोन करतो.