डेबियन (सर्व्हरची लिनक्स प्रणाली) ११ वरून १२: अपग्रेड अर्ध्यावर अडकलंय

प्रश्न: वाचनालयाची पुस्तकसूची दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे, त्यामुळे सगळं काम एसएसएचवरून, म्हणजे इंटरनेटवरून लांबूनच आज्ञा देऊन. सगळी पॅकेजेस नव्या आवृत्तीवर नेणारं 'एपीटी फुल-अपग्रेड' थांबलंय: पीएचपी ८.२ या प्रोग्रामिंग भाषेचं इंटल पॅकेज लिबआयसीयू६७ हे सहायक पॅकेज मागतंय आणि १२ च्या भांडारात (पॅकेजांच्या साठ्यात) ते नाहीच. आमच्याकडे वीज कधीही जाते, मध्येच जोडणी तुटली तर? ही सूची शाळेची मुलं वापरतात, ती जपायलाच हवी.

उत्तर: आधी सर्व्हरवर टीमक्स (सत्र चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा आणि पुढचं काम त्यातच करा. तुमची जोडणी तुटली तरी काम तिकडे चालू राहतं. मग त्या इंटल पॅकेजवर 'एपीटी पॉलिसी' चालवा, ते कुठल्या भांडारातलं आहे ते दिसेल. १२ मध्ये लिबआयसीयू७२ आहे. म्हणजे तुमचं पीएचपी बहुधा बाहेरच्या भांडारातलं, ११ साठी बांधलेलं आहे. त्या भांडाराच्या ओळीत 'बुल्सआय'च्या (११ चं नाव) जागी 'बुकवर्म' (१२ चं नाव) लिहा आणि 'एपीटी अपडेट' करा. जबरदस्तीने जुनं लिबआयसीयू बसवू नका, कृपा करून.

दुसरं उत्तर: डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर 'ऑटोरिमूव्ह' (बिनगरजेची ठरलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) आत्ता अजिबात नको! ११ मध्ये पोस्टग्रेस १३ होतं, १२ मध्ये १५. माहिती आपोआप हलत नाही. 'पीजी_डंपऑल'ने घेतलेली सगळ्या माहितीची प्रत (डंप) सर्व्हरबाहेर उतरवा, १५ चं रिकामं क्लस्टर (डेटाबेसचा संच) काढून टाका आणि मग 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १३ मेन' चालवून माहिती १५ वर न्या. मी १३ लगेच पुसत नाही, सूची नीट तपासून मगच.

प्रश्नकर्ता: पॉलिसीत बुल्सआयचीच ओळ निघाली. ती बदलल्यावर फुल-अपग्रेड पार पडलं. डंप घरच्या संगणकावर उतरतोय, पोस्टग्रेसला त्यानंतरच हात लावेन. दोघांचेही मनापासून आभार.