मदत हवी आहे: पिल्सनमध्ये शाकाहारी आईला काय खाऊ घालू?

नमस्कार मंडळी. आई पुढच्या महिन्यात सांगलीहून शिकागोला येतेय. तिला पिल्सन या इथल्या मेक्सिकन वस्तीत न्यायचं फार मनात आहे. पिंक लाईन या लोकल रेल्वेच्या अठराव्या रस्त्याच्या स्टेशनवरची भित्तिचित्रं, मेक्सिकन कलेचं संग्रहालय, आणि मग एखाद्या छोट्या टाकेरियात (टाकोच्या खानावळीत) बसून गरम टाको.

मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेली तोर्तिया तव्यावर टम्म फुगते ना, ती तिला दाखवायचीच आहे. आयुष्यभर भाकरी थापलेली बाई आहे, बघतच राहील.

अडचण अशी की आई अंडंही खात नाही. राजमा वाटून परततात तो बऱ्याचदा डुकराच्या चरबीत, म्हणजे 'मांतेका'त. तामाले, म्हणजे मक्याच्या सालीत वाफवलेले मक्याचे उंडे, त्यांच्या पिठातही तीच. एका ठिकाणी मला शाकाहारी म्हणून वाढलेला भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला निघाला. आईच्या बाबतीत असं झालं तर मला फार लागेल. गाडीवरच्या एलोतेला (मक्याच्या कणसाला) मेयोनीज लावतात, ते नको म्हणून सांगता येतं, तेवढं ठीक आहे.

नोपालेस (आपला फड्या निवडुंगच की!), भाजलेल्या मिरचीच्या राहास (पट्ट्या), भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज घालून दुमडलेली तोर्तिया) हे मला माहीत आहे. पण अठराव्या रस्त्यावर किंवा लिटल व्हिलेज या दुसऱ्या मेक्सिकन वस्तीत २६व्या रस्त्यावर मांसाचा तवा वेगळा ठेवणारी, राजमा तेलात करणारी टाकेरिया कुणी स्वतः खात्री केलेली आहे का? 'सिन मांतेका' (चरबीशिवाय) एवढं विचारून भागतं, की आणखी काही विचारावं लागतं?