चर्चने लग्न ‘रद्द’ ठरवलं, तर कोर्टाने ते मानावं का?

बोळींजकर

कॅथलिक ट्रिब्युनलने (चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाने) एखादं लग्न मुळात झालंच नव्हतं असा निकाल दिला, तरी कायद्याच्या लेखी ती दोघं नवराबायकोच राहतात. मग तेच साक्षीदार, तीच उणीदुणी घेऊन कोर्टात पुन्हा श्रीगणेशा. लग्न लावताना मात्र सरकार फादरवर डोळे मिटून विश्वास टाकतं. १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याखाली बिशपकडून दीक्षा झालेल्या फादरला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. रजिस्टरातल्या नोंदींच्या प्रती दर तीन महिन्यांनी रजिस्ट्रारकडे गेल्या की झालं. बांधायला चर्च चालतं, सोडवायला चालत नाही, हे कसं?

आणि ट्रिब्युनल म्हणजे फादरने ओळखीत दिलेली चिठ्ठी नव्हे. अर्ज ज्युडिशियल व्हिकरकडे (ट्रिब्युनलच्या प्रमुख न्यायाधीशाकडे) जातो, समोरच्या पक्षाला नोटीस निघते, साक्षी होतात. मानसिक असमर्थतेचा मुद्दा असेल (कॅनन १०९५; कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्यातलं कलम) तर तज्ज्ञाचा अहवाल मागवतात. ‘डिफेंडर ऑफ द बॉण्ड’ नावाचा एक अधिकारी असतो, त्याचं कामच लग्न वैध होतं असं मांडणं. नेहमीच्या पद्धतीत निकाल तीन न्यायाधीश देतात. २०१५ पर्यंत तर दोन पातळ्यांवर एकसारखे निकाल लागणं आवश्यक होतं. पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली.

गोव्यात ट्रिब्युनलच्या निकालाला हायकोर्टामार्फत दिवाणी परिणाम देणारी तरतूद पोर्तुगीज काळात आली. तसंच इकडेही व्हावं, एवढंच माझं म्हणणं.

तिसरा बाक

असहमत. सुप्रीम कोर्टाने हे दोनदा निकालात काढलंय. १९९६ चा मॉली जोसेफ खटला: बाईंकडे चर्चचा निकाल होता, कोर्टाचा हुकूम नव्हता. दुसरं लग्न झालं आणि दुसऱ्याच नवऱ्याने ते रद्द करून घेतलं, कारण कायद्याने पहिलं शाबूत होतं. पुढे मंगळुरूचे क्लॅरन्स पेस यांनी नेमकी तुमचीच मागणी याचिकेत केली; ती जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली. १८६९ चा घटस्फोट कायदा देशाचा आहे, त्यातला अधिकार कोर्टाला दिलाय, चर्चला नाही.

चर्चच्या कागदावर विसंबून दुसरं लग्न करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ लागू शकतं. सात वर्षांपर्यंत कैद. पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा.

शिवाय कारणं जुळत नाहीत. घटस्फोट कायद्याच्या कलम १९ मध्ये नपुंसकत्व, निषिद्ध नातं, वेड, पहिला जोडीदार हयात असणं, जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली संमती, एवढंच. ‘मुलं होऊ द्यायचीच नाहीत असं मनात ठरवून वेदीसमोर हो म्हटलं’ हे ट्रिब्युनलला पुरेसं ठरू शकतं (कॅनन ११०१). जिल्हा न्यायालयात तेवढ्यावर लग्न रद्द होत नाही. मग हायकोर्टाने शिक्का मारायचा तो कशावर?

कलमबहाद्दर

दोघेही पैशांबद्दल गप्प! घटस्फोट कायद्यातलं कायमच्या पोटगीचं कलम ३७ वाचा. बायकोने घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा हुकूम मिळवला असेल तर जिल्हा न्यायालय नवऱ्याला पोटगी द्यायला लावू शकतं. लग्न रद्दबातल ठरल्याचा उल्लेख त्या कलमात नाहीच. म्हणजे वीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या हाती ट्रिब्युनलचा कागद कायदेशीर म्हणून ठेवलात, तर या कायद्याखालचा तिचा मुख्य आधार गेला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली ‘बायको’त घटस्फोटिता धरली आहे, पण जिचं लग्न झालंच नव्हतं असं ठरलं, तिने कोणत्या नात्याने मागायचं?

खटला चालू असतानाची पोटगी कलम ३६ देतं. तिच्यावरची नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक-पंचमांशाची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने उठली. हे कलम मात्र ‘या कायद्याखालच्या’ दाव्यापुरतं आहे. ट्रिब्युनलसमोर वर्षभर बसलात तरी त्याखाली एक रुपया मिळत नाही.

मुलांचंही पाहा. चर्चचा कायदा उदार आहे: दोघांपैकी एकानेही लग्न वैध समजून केलं असेल तर ते रद्द ठरलं तरी मुलं औरसच (कॅनन ११३७). आपल्या घटस्फोट कायद्याचं कलम २१ मात्र दोनच प्रसंगांत हे संरक्षण देतं: पहिला जोडीदार वारला असं प्रामाणिकपणे समजून केलेलं लग्न, आणि वेडामुळे रद्द झालेलं लग्न. चर्चचा निकाल उचलून आणाल आणि त्यामागची त्याची उदारता तिथेच राहील.

सासष्टी

बोळींजकर, गोव्याचं उदाहरण अर्धंच देताय. गोव्यात १८७२ चा कायदा लागूच नाही. आधी सिव्हिल रजिस्ट्रारसमोर पहिली सही, मुदत उलटल्यावर दुसरी, मग तिथला दाखला घेऊन चर्च. पहिली सही करून दुसरी विसरलेले लोक स्वतःला विवाहित समजतात, आणि व्हिसाच्या वेळी धावाधाव होते. ट्रिब्युनलच्या निकालाला मान्यता देणारी तरतूद १९४६ च्या पोर्तुगीज हुकूमनाम्यातली, तीही १९४० च्या व्हॅटिकनबरोबरच्या करारातून आलेली. त्याच करारात चर्चमध्ये लग्न करणाऱ्याने घटस्फोटाचा हक्क सोडला असं धरलं होतं. पोर्तुगालने स्वतः हा भाग १९७५ मध्ये बदलून घेतला. आपण १९६१ लाच सुटलो, त्यामुळे जुनी प्रत आपल्याकडेच राहिली! आणि वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामायिक असते. ती व्यवस्था मागे ठेवून फक्त ट्रिब्युनलचं कलम वसईला कसं न्याल?

नगरी मिशन

चर्चा कॅथलिकांभोवतीच फिरतेय. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट अशा प्रोटेस्टंट मंडळ्यांत असं ट्रिब्युनल नाही. तिथे आधी कोर्टाचा हुकूम, मग पाळक बिशपांशी बोलून पुनर्विवाहाचं ठरवतात. बोळींजकरांची सुधारणा झाली तर एकाच गल्लीतल्या दोन ख्रिस्ती घरांना दोन कायदे.

अवांतर, पण महत्त्वाचं: स्वतंत्र मंडळ्यांचे काही पाळक परवान्याविना लग्नं लावतात. बिशपची दीक्षा नसेल तर सरकारी परवाना हवाच. अधिकार नसताना लग्न लावल्यास १८७२ च्या कायद्याच्या कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे. घटस्फोटाच्या वेळी कोर्ट पहिला प्रश्न विचारतं, दाखला कोणाच्या सहीचा? तिथेच गाडी अडते.

नोंदवही

चर्च ऑफिसात हे कसं दिसतं ते सांगतो. लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्मा झालेल्या चर्चमध्ये कळवली जाते आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्या नावापुढच्या समासात लिहिली जाते: तारीख, चर्च, जोडीदाराचं नाव. ट्रिब्युनलचा निकालही त्याच समासात येतो, पुन्हा लग्नाला बंदी घातली असेल तर तीसुद्धा. लग्नासाठी ताजा बाप्तिस्मा दाखला मागतात तो यासाठीच. घरच्या ट्रंकेतल्या दाखल्यावर समास कोरा असतो.

आणि बोळींजकर, तुमचा प्रश्न चर्चनेच अर्धा सोडवलाय. दिवाणी कायद्याने होऊ न शकणारं लग्न फादरने बिशपांच्या परवानगीविना लावू नये, असं कॅनन १०७१ सांगतं. म्हणजे ट्रिब्युनलचा निकाल हातात असला तरी कोर्टाचा हुकूम दाखवावाच लागतो.

बोळींजकर

कलम ३७ चा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागणी आवरती घेतो: निकालाला मान्यता नको, निदान ट्रिब्युनलसमोरच्या साक्षी कोर्टात पुरावा म्हणून चालाव्यात.

तिसरा बाक

तेही अवघड. ट्रिब्युनलच्या न्यायाधीशांवर गुप्ततेचं बंधन आहे (कॅनन १४५५). आपलं बोलणं पुढे कोर्टात वाचलं जाईल हे कळलं तर सासूविरुद्ध तोंड उघडणारी नणंद मिळेल का?

ज्यांना खरंच सुटायचंय त्यांनी आधी घटस्फोट कायद्याच्या कलम १०अ खाली परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज करावा. हिंदू कायद्यात १ वर्ष वेगळं राहिलेलं पुरतं, इथे २ लिहिलंय. केरळ हायकोर्टाने २०१० मध्ये २ चं १ केलं, डिसेंबर २०२२ मध्ये ती १ वर्षाची अटही घटनाबाह्य ठरवली. पुस्तकात मात्र आकडा अजून २ च आहे. अर्जानंतर ६ ते १८ महिन्यांत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे उभं राहायचं. तोवर ट्रिब्युनलचं काम समांतर चालवा, कोणी अडवत नाही. याचिका करायचीच असेल तर त्या २ वर्षांविरुद्ध करा; निकालाला कोर्टाची मान्यता मागण्यापेक्षा तिथे यश लवकर येईल.